मधुमेह असताना एलडीएल ‘नॉर्मल’ आले, तरीही स्टॅटिन कशासाठी?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक):
माझे वडील ६१ वर्षांचे असून सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. नव्या रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल १७८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४०, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) ३३ आणि एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ९७ असे आकडे आहेत. एलडीएलच्या ओळीपुढे तारका (आकडा मर्यादेबाहेर असल्याची खूण) नाही, तरीही डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू केली. वडिलांचे म्हणणे असे, की तूप आणि तळलेले पदार्थ त्यांनी केव्हाच सोडले आहेत, मग चरबी येते कुठून आणि साखरेच्या आजाराचा तिच्याशी संबंध काय?

उत्तर १ (गंगापूर रोड, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी):
आमच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. रिपोर्टमधला आकडा त्या कणांमधले कोलेस्टेरॉल किती ते सांगतो, कण किती आहेत ते सांगत नाही. पंचवटीच्या मार्केट यार्डातला तोच माल ट्रकऐवजी छोट्या हत्तींत भरला, तर वजन तेवढेच राहते, पण रस्त्यावर गाड्या वाढतात. मधुमेहात नेमके हेच होते. शिवाय बऱ्याच रिपोर्टांत एलडीएल मोजलेले नसते, तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून काढलेले असते. तुमचे १७८ − ३३ − ४८ बरोबर ९७ येतात. अशा वेळी नॉन-एचडीएल, म्हणजे एचडीएल सोडून बाकी सगळ्या कणांतले कोलेस्टेरॉल, पाहावे. ते १७८ वजा ३३, म्हणजे १४५ आहे. मधुमेहात एलडीएल ७० च्या खाली ठेवायचे ठरवले, तर नॉन-एचडीएल १०० च्या खाली हवे.

उत्तर २ (कॉलेज रोड, फिजिशियन):
वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर ताटात कमी आणि यकृतात जास्त आहे. एरवी इन्सुलिन चरबीच्या पेशींतून मेदाम्ले सुटण्याला आवर घालते. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की ती यकृताकडे लोटतात आणि यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएल कण करून रक्तात सोडत राहते. भात, पोळी आणि गोड जास्त झाले, तर त्यातही भर पडते, त्यामुळे केवळ तूप सोडून भागत नाही.

पुढची अदलाबदल सीईटीपी नावाचे प्रथिन करते. ते व्हीएलडीएलमधले ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलला देते आणि त्यांच्याकडचे कोलेस्टेरॉल उलट दिशेने नेते. मग यकृतातले लायपेज हे विकर (एन्झाइम) त्या दोघांतले ट्रायग्लिसराइड तोडते. उरलेला एलडीएल कण लहान व दाट होतो, रक्तात अधिक काळ राहतो, धमनीच्या अस्तराखाली सहज शिरतो आणि तिथे लवकर ऑक्सिडीकृत होतो. त्याला साखर चिकटलेली असली, तर त्याचे गुण आणखी बिघडतात. अस्तराखालच्या मॅक्रोफेज (नको असलेले गिळणाऱ्या) पेशी असे कण गिळत सुटतात आणि फेसाळ दिसू लागतात. धमनीकाठिण्याची सुरुवात तिथे होते.

एचडीएलचे काम परतीच्या वाहतुकीचे, म्हणजे त्या पेशींतले कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे नेण्याचे. मधुमेहात लहान झालेले एचडीएल रक्तातून लवकर निघून जाते, तर उरलेल्याची प्रथिने शर्करेने बिघडलेली असल्यामुळे त्याची उचलण्याची ताकद घटते. म्हणूनच तुमच्या रिपोर्टमधला ट्रायग्लिसराइड २४० आणि एचडीएल ३३ हा जोड मला एलडीएलच्या ९७ पेक्षा अधिक बोलका वाटतो.

प्रश्नकर्ता:
साखर नीट आटोक्यात आणली, तर गोळी टाळता येईल का?

उत्तर २:
साखर आटोक्यात आली, की ट्रायग्लिसराइड बऱ्यापैकी उतरते, पण तेवढ्याने धमनीचा धोका संपत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कार्ड्स’ या ब्रिटन-आयर्लंडमधील चाचणीत हृदयविकार नसलेले आणि एलडीएल फारसे वाढलेले नसलेले २,८३८ मधुमेही होते. १० मिलिग्रॅम अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये हृदयाच्या व मेंदूच्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या आणि फायदा इतका स्पष्ट दिसला, की चाचणी ठरल्यापेक्षा सुमारे दोन वर्षे आधीच थांबवली गेली. वडिलांचे वय आणि त्यांचा मधुमेह पाहता डॉक्टरांनी गोळी दिली ती याच कारणासाठी असावी. ती बंद करायची झाल्यास त्यांना विचारूनच करा.