अमेरिकेतला सिक्युरिटी क्लिअरन्स आणि थकीत कर्ज: खबरदारी की शिक्षा?

टाचणी
कर्ज थकलं म्हणून सरकारी गुपितं हाताळायचा क्लिअरन्स अडतो, यात गुन्हा नेमका कोणता? क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ अर्जाचा विभाग २६ वाचा. गेल्या सात वर्षांतली दिवाळखोरी, वसुली एजन्सीकडे गेलेलं बिल, चार्ज-ऑफ झालेलं (बँकेने बुडीत धरलेलं) खातं, १२० दिवसांहून जास्त थकलेलं देणं, न भरलेला कर, सगळं विचारतात. आजारपणाचं बिल आणि जुगाराची उधारी एकाच रांगेत. माझ्या मते ही गरिबीला शिक्षा आहे.

खतावणी
एका अर्जात लिहायचं म्हणून एकाच मापाने मोजतात असं नाही. निकष जून २०१७ पासून लागू असलेल्या एसईएडी-४ या सरकारी निर्देशात आहेत, त्यातला पैशांविषयीचा भाग म्हणजे गाइडलाइन एफ. त्याचं कलम २०(बी) सांगतं की नोकरी जाणं, घटस्फोट, अचानक आजारपण, ओळखचोरी ही कारणं अर्जदाराच्या बाजूने धरावीत. फक्त पुढचा अर्धा भाग लोक वाचत नाहीत: त्या परिस्थितीत तुम्ही जबाबदारीने वागलात का? नोकरी गेली, मान्य. पण नवी लागून दोन वर्षं झाली आणि बँकेला एक पत्रही नाही, मग ते कारण लंगडं पडतं.

टाचणी
आणि हे सिद्ध करायचं अर्जदारानेच! १९८८ च्या नेव्ही विरुद्ध ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हणूनच ठेवलंय की चूक व्हायचीच तर ती नकाराच्या बाजूने व्हावी. शंकेचा फायदा सरकारला.

काठावरचा
शिवाय उपयोग काय? सोव्हिएतांना गुपितं विकणारा सीआयएचा अधिकारी आल्ड्रिच एम्स १९९४ मध्ये पकडला गेला तेव्हा त्याची थकबाकी नव्हती. उलट त्याने ५,४०,००० डॉलरचं घर रोखीने घेतलं होतं.

खतावणी
उदाहरण उलटं लागू पडतंय. १९८५ मध्ये तो गुपितं विकायला सोव्हिएतांकडे गेला तेव्हा घटस्फोट आणि कर्ज डोक्यावर होतं. आणि अचानक आलेली श्रीमंतीही गाइडलाइन एफ मध्येच मोडते.

आता प्रत्यक्षात अर्ज कुठे फसतात ते. चार्ज-ऑफ म्हणजे कर्ज माफ, हा सर्वात महागडा गैरसमज. ती फक्त बँकेच्या वहीतली हिशेबाची नोंद; देणं तसंच राहतं. सात वर्षांनी नोंद क्रेडिट रिपोर्टवरून गळते, तीही फेड नव्हे. मुदतबाह्य झालं म्हणून वसुलीचा दावा लागत नसेल, पण गाइडलाइन एफला हवा असलेला 'प्रामाणिक प्रयत्न' म्हणून ते कोणी धरत नाही. उलट सगळं फेडून झालेलंच हवं असंही नाही. झेपेल अशी योजना आणि तीनुसार प्रत्यक्ष भरलेले हप्ते पुरतात. एका वेळी एकच कर्ज फेडायला घेतलं तरी चालतं. चॅप्टर १३ (हप्त्यांनी फेडायची दिवाळखोरी) खाली तीन ते पाच वर्षं नियमित भरणा झाला तर तो प्रयत्न स्पष्ट दिसतो. नुसतं चॅप्टर ७ (कर्जातून थेट सुटका देणारी दिवाळखोरी) घेऊन मोकळं झाल्यास खर्चाची सवय बदलली का, हा प्रश्न उरतो.

आणि लपवू नका. लपवलेलं कर्ज गाइडलाइन ई मध्ये जातं, सचोटीच्या प्रश्नात. पैशाचं दुखणं फेडून बरं होतं, सचोटीचं होत नाही.

काठावरचा
क्लिअरन्स का अडतोय त्या कारणांची नोटीस (स्टेटमेंट ऑफ रीझन्स) आल्यावर सगळं फेडून टाकलं तर?

खतावणी
चालतं, पण वजन कमी. धाकाने फेडलं असं दिसतं. सरकारी कंत्राटदार कंपनीच्या कर्मचाऱ्याला त्या नोटिशीला २० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं, प्रत्येक आरोपापुढे मान्य किंवा अमान्य, सोबत पावत्या, बँकेची पत्रं, महिन्याचा जमाखर्च.

टाचणी
चार वर्षांपूर्वीच्या बिलाचा कागद रुग्णालयाकडून २० दिवसांत काढून दाखवा, मग बोलू.

खतावणी
मुदत वाढवून मागता येते. तरी तो कागद एसएफ-८६ भरायच्या आधीच काढायचा असतो, क्रेडिट रिपोर्ट मागवाल त्याच आठवड्यात.