‘टँक डिस्ट्रॉयर’ला मराठीत काय म्हणायचं?

अनुवादू: दुसऱ्या महायुद्धावरच्या एका लेखाचा अनुवाद चालू आहे. रणगाडे फोडायला बनवलेल्या अमेरिकी एम-१० या तोफ बसवलेल्या गाडीला मी ‘रणगाडा-विनाशिका’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘रणगाडाविरोधी तोफ’ केलं. पुढचंच वाक्य आहे: ‘बुरुजाला छप्पर नसल्याने ह्युर्टगेनच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवर फुटलेल्या गोळ्यांच्या किरचा थेट आत पडत.’ बुरूज म्हणजे गाडीवरचा, तोफ बसवलेला फिरता भाग; नुसत्या तोफेला बुरूज कुठला, असं वाचक विचारणारच. काय करू?

तोफखाना: ‘विरोधी’ अजिबात नको, त्याने इतिहासच पुसला जातो. अमेरिकी सैन्यातल्या या तुकड्यांचं नाव आधी ‘अँटी-टँक’च होतं. डिसेंबर १९४१ मध्ये ते मुद्दाम बदललं, कारण ‘अँटी’ला बचावाचा वास येतो. टेक्ससच्या कॅम्प हूडला शिकवण दिली जायची ती ‘शोधा, घाव घाला, नष्ट करा’ अशी. एका बटालियनला ३६ तोफा, त्या राखीव ठेवायच्या. शत्रूचे रणगाडे फळी फोडून आत आले की तिकडे धावायचं, आडोशाने बसायचं, बाजूने मारायचं आणि लगेच जागा बदलायची.

वेलांटी: पण ‘विनाशिका’ स्त्रीलिंगी का? नौका म्हणून जहाजाला ते शोभतं. गाड्याला ‘विनाशक’ हवं. शिवाय आरमारातली ‘डिस्ट्रॉयर’ही मुळात ‘टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर’ होती, पुढे ‘टॉर्पेडो बोट’ गळली. म्हणजे दोन्हीकडे नावात सावज आधी होतं.

शुद्धलेखणी: सावजच म्हणता तर ‘रणगाडा-शिकारी’ घ्या. जर्मन ‘पान्झरयेगर’चा अर्थ तोच आहे.

तोफखाना: जर्मन वाहनाला खुशाल घ्या. पण त्यांच्या ‘याग्डपान्झर’ची, म्हणजे रणगाडे टिपणाऱ्या बंदिस्त गाडीची, तोफ पुढच्या पोलादातच बसवलेली असते. डावी-उजवीकडे थोडीच हलते, पुढे गाडीच वळवावी लागते. डोक्यावर मात्र छप्पर असतं. एम-१० चा बुरूज चौफेर फिरतो आणि वरून उघडा. दोन्हींना एकच शब्द दिलात तर वाचकाला फरक कळणार नाही.

गाडाप्रेमी: अहो, अमेरिकी कागदपत्रांत हे ‘डिस्ट्रॉयर’ नाहीच! एम-१०, एम-१८, एम-३६ या तिन्ही गाड्यांचं अधिकृत नाव ‘गन मोटर कॅरेज’ आहे. तोफ वाहणारी गाडी म्हणजे आपला तोफगाडा. बखरींपासूनचा शब्द. ‘मोटार-तोफगाडा’ लिहा, बुरुजाचा प्रश्नही सुटेल.

वेलांटी: शब्द सुंदर आहे. पण वाचकाला बैलांनी ओढलेला गाडा दिसेल, त्याचं काय?

गाडाप्रेमी: ‘रणगाडा’त कुठे बैल दिसतात? वापरला की रुळतो.

शुद्धलेखणी: निदान ‘स्वयंचलित तोफ’ तरी कोणी लिहू नका. स्वयंचलित म्हणजे आपोआप चालणारं. तोफ स्वतःच्या इंजिनावर जाते, म्हणून ‘स्वचालित’.

तोफखाना: सहमत, आणि एम-१० च्या बाबतीत तर फारच. त्याचा बुरूज हातानेच फिरवायचा, दुसरी सोयच नव्हती. तीन इंची तोफेचं वजन पुढे, त्यामुळे गाडी उतारावर कलती असली की चाक फिरवताना दम निघे. मग बुरुजाच्या मागे वजनं बसवली. पुढचं पोलाद ३८ मिलिमीटर, बाजूचं अवघं १९. एम-१८ तर त्याहून पातळ, साधारण १३, पण रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या वर पळायचा. हे पळणं सिद्धान्तासाठी होतं. प्रत्यक्षात जर्मन रणगाड्यांचे ते मोठे लोंढे क्वचितच आले. बटालियन फोडून चार-चार गाड्या पायदळाला दिल्या गेल्या. १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत जर्मन पँथर रणगाड्याच्या पुढच्या तिरक्या पोलादावर तीन इंची गोळे निकामी ठरले, तेव्हा ९० मिलिमीटर तोफेच्या एम-३६ ची घाई झाली.

अनुवादू: एम-१८ ची ७६ मिलिमीटर म्हणजे तीन इंचीच ना? लेखात दोन्ही आकडे आहेत, एकच करू का?

तोफखाना: मुळीच करू नका! पुढचा गोळा तोच, पण मागचं पितळी काडतूस वेगळं. एकाचा दारूगोळा दुसऱ्यात जात नाही.

वेलांटी: ‘गोळा’ कशाला म्हणायचं मग? नुसत्या पुढच्या भागाला की काडतुसासकट? मराठीत दोन्ही चालतं आणि घोळ तिथेच होतो.

गाडाप्रेमी: काडतुसासकट ‘बार’ म्हणा.

शुद्धलेखणी: बार म्हणजे उडवण्याची क्रिया. ‘दोन बार काढले’ म्हणतो आपण.

गाडाप्रेमी: ‘बार भरला’ही म्हणतो. आणि गनरला ‘गोलंदाज’ लिहा. क्रिकेटच्या आधी तो शब्द तोफेचाच होता.

अनुवादू: गोलंदाज घेतला. त्याच्या शेजारी उभा राहणारा लोडर? ‘तोफ ठासणारा’ चालेल?

तोफखाना: ठासणं तोंडाकडून असतं. इथे माणूस बुरुजाच्या मागच्या भिंतीवरच्या सहांतला एक बार उचलून तोफेच्या मागून सरकवतो. ते संपले की वाकून खालच्या ४८ तले काढायचे. ‘भरणारा’ लिहा.