लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू का रडला?

सोलापूरकर भाचा: सर्वांना सलाम. गेल्या महिन्यात आमचे मामा प्रभूत निजले. दफनविधीनंतर घरी झालेल्या प्रार्थनासभेत अनेकांनी मामींना "रडू नका, ते प्रभूजवळ आहेत" असे सांगितले, आणि त्यांनी हुंदका आवरला तेव्हाच त्यांचा विश्वास सर्वांना दिसला, असा एकूण सूर होता. परंतु योहानाच्या शुभवर्तमानाच्या ११व्या अध्यायात आपला मित्र लाजर मेला आहे आणि आपण त्याला उठवायला जात आहोत, हे येशूने लाजराच्या गावी, बेथानीला, पोहोचण्याआधीच शिष्यांना सांगितले होते; तरीही लाजराची बहीण मरीया हिला रडताना पाहून तो स्वतः रडला. हे रडणे केवळ मनुष्याचे मानावे की देवाचेही?

होटगी रोडचे वाचक: हा वाद जुना आहे. पोप लिओ यांनी ४४९ मध्ये लिहिलेल्या आणि ४५१ मध्ये खाल्किदोन येथील चर्चच्या परिषदेने मान्य केलेल्या पत्रात मित्रासाठी कळवळणे हे येशूच्या मनुष्यस्वभावाचे आणि चार दिवसांच्या मृताला हाकेसरशी उठवणे हे देवस्वभावाचे कार्य म्हटले आहे. मात्र दोन्ही करणारा एकच, देवाचा पुत्र, हेही तेथे तितक्याच ठामपणे सांगितले आहे. म्हणून बेथानीला कोण रडले, याचे उत्तर मला तरी एकच दिसते. देवाला दुःख शिवत नाही असे जुने आचार्य म्हणत, ते त्याची प्रीती आपल्या मनासारखी घटकेत पालटू नये या काळजीने, आणि ती काळजी रास्त होती. तरीही होशेय ११:८ मध्ये एफ्राइमाला, म्हणजे इस्राएल लोकांना, टाकून देण्याच्या विचाराने देवाचेच अंतःकरण पालटते. ते वचन मला केवळ अलंकार म्हणून वाचता येत नाही. महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, जपानमधील ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ काझो किटामोरी यांनी देवाच्या वेदनेलाच आपल्या विचाराच्या मध्यभागी ठेवले, तेही याच ओढीने असावे.

एक भगिनी, सात रस्ता: पण मुलगा गमावलेल्या नाईन गावच्या विधवेला येशूनेच "रडू नकोस" म्हटले (लूक ७:१३). मग प्रार्थनासभेतल्या लोकांचे काय चुकले?

होटगी रोडचे वाचक: ताई, त्याच वचनात आधी त्याला तिचा कळवळा आला आणि पुढे त्याने तिरडीला हात लावून मुलगा जिवंत करून आईच्या स्वाधीन केला. ज्याला तेवढे करता येते त्याच्याच तोंडी ते शब्द शोभतात; आपण चहा घेऊन घरी परतणारी माणसे. पौलानेही थेस्सलनीकाकरांना आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका असे लिहिले (१ थेस्सल. ४:१३), खेदच करू नका असे नव्हे. पुनरुत्थानाची खात्री असली तरी मामांची खुर्ची आज रिकामीच आहे, आणि बेथानीला खात्री असलेलाच रडला.

सोलापूरकर भाचा: आभारी आहे. पुढल्या प्रार्थनासभेत कोणते वाचन ठेवावे?

होटगी रोडचे वाचक: योहान ११ च ठेवा. अशा प्रसंगी वाचन बहुधा २५व्या वचनापाशी, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" येथे, आटोपते. पाळकसाहेबांना ३५व्या वचनापर्यंत जाण्याची विनंती करा. सोबत ८८वे स्तोत्र घ्या. ते अंधारातच संपते, त्यामुळे कोणी फारसे निवडत नाही, पण मामींना ते परके वाटणार नाही.