मदत हवी आहे : बाबांची सिप्रोफ्लॉक्सासिन, रात्रीचं हळदीचं दूध आणि उतरलेली साखर

रानजाई | शनिवार, दुपारी ४:१०

नमस्कार. घाईत लिहिते आहे, चुका सांभाळून घ्या.

बाबा ७२ वर्षांचे, १५ वर्षांपासून डायबेटिस. आम्ही पुण्यात सहकारनगरला राहतो. मागच्या आठवड्यात त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली, रात्री पाच-सहा वेळा उठत होते, अंगात कणकण होती. डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला सांगितलं. बुधवारी रिपोर्ट आला : ई. कोलाय नावाचे जंतू. रिपोर्टमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकसमोर 'एस' आहे, म्हणजे ते या जंतूवर चालतं, म्हणून ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस लिहून दिली. क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) नॉर्मल आहे.

डॉक्टर चांगले आहेत, पण त्या दिवशी गर्दी फार होती. बाबा आणखी काय काय घेतात हे ना त्यांनी विचारलं, ना आम्हाला सांगायचं सुचलं. सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराइड (डायबेटिसची गोळी), नाश्त्यानंतर कॅल्शियमची गोळी, आणि पोटात जळजळलं की पित्ताचं गुलाबी औषध दोन चमचे. भर म्हणजे 'अँटिबायोटिक उष्ण पडतं' म्हणून आईने रात्रीची गोळी कपभर हळदीच्या दुधासोबत द्यायला सुरुवात केली.

गुरुवारी रात्री बाबा नऊलाच झोपले आणि गोळी राहिली. शुक्रवारी सकाळी तळहातावर दोन गोळ्या घेऊन बसले होते, 'कालची भरून काढतो' म्हणून. मी एक काढून घेतली. बरोबर केलं ना?

आज दुपारी साडेबाराला जेवायला बसायच्या आधी त्यांना दरदरून घाम फुटला. हात इतका थरथरत होता की पाण्याचं भांडं धरता येईना. ग्लुकोमीटरवर ६४. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी ९८ आली, मग जेवले. आता बरे आहेत. दवाखान्यात फोन केला तर 'डॉक्टर सोमवारी भेटतील' एवढंच उत्तर मिळालं.

माझे प्रश्न : साखर या गोळीमुळे उतरली असेल का? दूध, कॅल्शियम चालतं का? जळजळ कालपासून थांबली आहे, बाबा म्हणतात 'आता गोळ्या बंद'. त्यांनी पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये ३० वर्षं नोकरी केली आहे. १९५४ साली उभी राहिलेली, देशाला पेनिसिलिन देणारी कंपनी. त्यामुळे 'पेनिसिलिनच्या वासात आयुष्य गेलं माझं, मला नको सांगूस' हे ठरलेलं वाक्य. जाणकारांनी सांगावं, प्लीज.

---

शनिपारकर | ४:३२

ताई, काळजी करू नका. या गोळ्या उष्ण असतातच. दुपारी वाटीभर ताक देत जा, माझ्या वडिलांना त्यानेच आराम पडला होता.

---

मात्रा | ४:५५

मी फार्मासिस्ट आहे. शनिपारकर, ताक वाईट नाही, पण या गोळीसोबत नको. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साखर. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असताना साखर अचानक खाली जाऊ शकते, वयस्कर माणसांत जास्त. ६४ म्हणजे कमीच. तुम्ही साखरपाणी दिलंत ते अगदी योग्य. सोमवारपर्यंत थांबू नका, आजच कुठल्या तरी डॉक्टरांशी बोला. ग्लिमेपिराइडचं काय करायचं ते तेच सांगतील, आपल्या मनाने कमी-जास्त नको. तोवर जेवण चुकवू नका, आज झोपताना आणि मध्यरात्री एकदा साखर तपासा.

आता दूध. हे औषध कॅल्शियमला आतड्यात घट्ट धरून बसतं. मग दोन्ही रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. गोळी पोटात जाते, पण जंतूपर्यंत पोचायला हवी तेवढी पोचत नाही. लोह, झिंक, आणि पित्ताच्या औषधातलं मॅग्नेशियम-ॲल्युमिनियम यांचंही तेच. म्हणून गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. तुमच्याकडे गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ धरली, तर कॅल्शियम दुपारी एकच्या जेवणाला सहज बसतं. साधी पोळी-भाजी खाऊन गोळी घेतली तरी हरकत नाही. दूध, दही, ताक मात्र गोळीच्या घोटाला नको. पेलाभर साधं पाणी, आणि दिवसभर पाणी भरपूर.

दोन गोळ्या एकदम घेऊ दिल्या नाहीत हे फार चांगलं केलंत. राहिलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यायची, पण पुढची ६ तासांच्या आत असेल तर राहिलेली सोडून द्यायची. दुप्पट कधीच नाही.

एक विचारायचं राहिलं. त्यांना कुठे दुखतंय का? पोटरी, खांदा, टाच? स्टेरॉइड घेतात का?

---

रानजाई | ५:२०

मात्रा, तुम्ही विचारलंत म्हणून आत जाऊन विचारलं. स्टेरॉइड नाही. पण बाबा म्हणाले, 'उजवी टाच कालपासून मागून ओढल्यासारखी दुखते, पर्वती चढून असेल.' ते गेली २० वर्षं रोज पहाटे पर्वती चढतात, आजसुद्धा १०३ पायऱ्या चढून आले. टाचेच्या वरची ती जाड शीर दाबली तर 'स्स' केलं त्यांनी. थोडी सुजल्यासारखी वाटते, डाव्या पायाशी ताडून बघितलं.

वीस वर्षांत कधी टाच दुखली नव्हती.

---

निशिगंध | ५:३४

मी डॉक्टर आहे, मेडिसिन. न तपासता औषध बदलून सांगणार नाही, पण हे वाचून गप्प बसवत नाही.

संध्याकाळची गोळी देऊ नका. आधी डॉक्टरांशी बोला. या गटातल्या औषधांनी स्नायू हाडाला जोडणारे दोर सुजतात, क्वचित तुटतातही, आणि तो धोका साठीनंतर जास्त असतो. टाचेमागचा दोर सगळ्यांत आधी त्रास देतो. उद्या पर्वती नाही, जिनाही कमीत कमी.

पण 'गोळी बंद' म्हणजे 'उपचार बंद' नव्हे. जळजळ गेली म्हणजे जंतू गेले असं नाही. त्यात निम्म्या गोळ्या दुधासोबत गेल्या आहेत. कल्चर रिपोर्टवर आणखी कोणत्या औषधांसमोर 'एस' आहे ते बघा, तो कागद आणि घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून आजच मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. यादी करण्यापेक्षा पट्ट्याच न्या, यादीत हमखास काहीतरी सुटतं. पूर्वी कुठल्या औषधाने पुरळ उठलं असेल तर तेही सांगा.

पुन्हा ताप, थंडी, उलट्या, गोंधळल्यासारखं बोलणं, तोंडावर सूज किंवा धाप असं काही दिसलं तर वाट न पाहता १०८.

---

शनिपारकर | ५:४१

मला हे माहीत नव्हतं. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

---

रानजाई | रात्री ११:०५

आत्ता घरी आलो. सगळ्यांचे मनापासून आभार.

तिथल्या तरुण डॉक्टर मुलीने पिशवी टेबलावर उलटी केली आणि एकेक पट्टी बाजूला ठेवत गेली. तिसऱ्याच मिनिटाला म्हणाली, 'काका, सिप्रो बंद.' रिपोर्टवर सेफुरॉक्झिमसमोरही (पेनिसिलिनच्या नात्यातलं दुसरं अँटिबायोटिक) 'एस' होतं, ते लिहून दिलं, जेवणानंतर दिवसातून दोनदा. ग्लिमेपिराइडची मात्रा आठवडाभर निम्मी केली, चार दिवसांनी साखरेचा तक्ता घेऊन बोलावलंय. टाचेला विश्रांती आणि बर्फ. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी सोमवारी.

पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, असं तिने विचारलं तेव्हा बाबांना एकदम आठवलं, कंपनीत एका सहकाऱ्याच्या अंगावर गांधी उठायच्या आणि त्याला दुसऱ्या विभागात हलवलं होतं. स्वतःला काही नाही म्हणाले. मग येताना गाडीत बराच वेळ गप्प होते. घरी आल्यावर आईला म्हणाले, 'दूध आता नुसतंच दे, गोळीबरोबर नको.'

गोळ्यांच्या वेळा लिहून फ्रिजवर लावल्या आहेत, कॅल्शियम दुपारी एक.

एक शेवटचं विचारते. सिप्रोच्या १४ पैकी ९ उरल्या आहेत. बाबा म्हणतात कपाटात असू देत, कुणाला तरी लागतील. मी 'नाही' म्हटलं. पट्टीवर लाल रेघ आहे, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घ्यायची नाही हे मला कळतं, आणि पुढच्या वेळी कुणाला साधी सर्दी झाली की हीच पट्टी बाहेर निघेल हेही. केमिस्ट कापलेली पट्टी परत घेत नाही. संडासात टाकू नये असं वाचलंय. मग काय करू?

---

मात्रा | ११:२०

छान झालं. संडासात किंवा बेसिनमध्ये नकोच. गोळ्या पट्टीतून काढा, चहाच्या ओल्या चोथ्यात कालवा, पिशवीला गाठ मारा आणि कचऱ्यात द्या. पट्टी कात्रीने कापून टाका. आणि आजची रात्रीची साखर किती आली?

---

रानजाई | ११:२८

१३२. झोपलेत. दोन वाजताचा गजर लावलाय.