गर्दुल्ल्यांची ‘चैन’

काटेसावर:
काल एकाने इथे लिहिलं, "गर्दुल्ल्यांना सरकार फुकट सुया वाटतं, गोळ्या चारतं. आमच्या करावर त्यांची चैन." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. माझा मामेभाऊ आधी गर्द पन्नीवर तापवून ओढायचा, मग सुईने टोचायला लागला. टर्कीत, म्हणजे नशा तुटल्यावर, तो अंग पिळवटून ओरडायचा, तेव्हा मामी त्याचे पाय धरून बसायची. याला चैन म्हणता?
एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या 2019 च्या पाहणीत टोचून घेणारे साडेआठ लाखांच्या घरात निघाले. एक सुई चौघांत फिरली की एचआयव्ही त्यांच्या बायकांपर्यंत पोचतो. गर्दऐवजी देतात ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी केंद्रावर नर्ससमोर जिभेखाली विरघळवायची असते. त्याने टर्की थांबते. त्याच गोळीवर भावाने तीन वर्षं रिक्षा चालवली.

जुना हवालदार:
तीस वर्षं खाकीत काढली. सुई दिली की पोरांना वाटतं, सरकारचीच परवानगी आहे. आता पोर्तुगाल सांगू नका. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2020 मध्ये मतदान घेऊन थोडा माल बाळगणं गुन्ह्यातून काढलं आणि 2024 मध्ये परत गुन्हा ठरवलं.

काटेसावर:
सांगणारच. पोर्तुगालने 2001 पासून दहा दिवसांपुरता माल सापडलेल्याला कोर्टाऐवजी समितीपुढे बसवलं आणि जोडीला उपचार उभे केले. ओरेगॉनने 100 डॉलरच्या दंडाची चिठ्ठी आणि एक फोन नंबर हातात दिला. उपचारांचा पैसा उशिरा पोचला.

वैनगंगाकाठ:
लांब कशाला जाता? चंद्रपुरात 2015 ला दारूबंदी झाली, 2021 ला उठली. मधल्या काळात आमच्या गल्लीत दुप्पट भावाने घरपोच मिळायची. आधी न पिणारी पोरं पोचवण्याच्या धंद्यात शिरली.

रानवेल:
ती बंदी कोणी मागितली होती? बायका चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या होत्या. माझी आई दारूड्याची बायको होती. बंदी आली त्या वर्षी घरात पहिल्यांदा पूर्ण पगार आला. तुमची गल्ली म्हणजे जिल्हा नव्हे.

वैनगंगाकाठ:
आणि तुमचं घर म्हणजे जिल्हा का? माझा चुलता विषारी दारूने गेला. त्याच्या पोरांना सांगा हे.

रानवेल:
काकांचं वाईट वाटतं. पण ठेके उघडल्यावर मार खाणाऱ्या बायका कोण मोजतं? गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे आणि तिथल्या बायका ती सोडायला तयार नाहीत.

जुना हवालदार:
धागा गर्दचा आहे. दारूवर भांडायचं तर वेगळा काढा.

रानवेल:
नाही काढणार. नुकसान कमी करायचं म्हणता, तर पिणाऱ्याचं की घरच्यांचं, ते आधी ठरवा.

काटेसावर:
दोघांचं. भावाला गोळी सुरू झाली तेव्हा मामीचं मंगळसूत्र सावकाराकडून सुटलं. हवालदारसाहेब, एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम 64-एमध्ये थोडा माल सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला आला तर खटल्यातून सूट आहे. तीस वर्षांत किती जणांना ती मिळवून दिलीत?

जुना हवालदार:
एकालाही नाही. आमच्या ठाण्यात ते कलम कोणी उच्चारलंही नाही. हे मान्य करतो, सुईचंही मान्य. पण आता पोरं एमडी, म्हणजे मेफेड्रोन, घेतात. तिला तुमच्या गोळीसारखं बदली औषध नाही. त्यांचं काय करायचं?

काटेसावर:
औषध नाही, खरं आहे. म्हणून कोठडी हा उपचार होत नाही. माझा भाऊ दोनदा आत गेला आणि टोचायला तिथून सुटल्यावर लागला.

जुना हवालदार:
कोठडीला मी उपचार म्हटलं नाही. विकणाऱ्याला मात्र एक दिवसही सूट देणार नाही.

काटेसावर:
ती मी मागितलीच नव्हती.