गाडी हवेत धरली की पळते, लादीवर ठेवली की कटकट! कोणीतरी मदत करा

सीवूड्सचा_बाबा
नमस्कार मंडळी. वय ४३, आणि हो, हे माझ्यासाठीच घेतलंय, पोराचं नाव फक्त घरात सांगायला वापरलं. ठोकळ्यांची स्पोर्ट्स कार आहे, १:८ ची म्हणजे खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश, लेगो नाही पण लेगोला फिट बसणारी दुसरी कंपनी, नाव राहू दे. ३२०० च्या वर पीस. मोटर आणि ब्लूटूथचा बॅटरी बॉक्स असा वेगळा किट मिळतो तोही घेतला, दोन मोटर चाकांना आणि एक स्टिअरिंगला. फोर व्हील ड्राइव्ह आहे. गणपतीत सुरू केलं ते परवा संपलं कारण पोरं झोपल्याशिवाय हात लावता येत नाही, एक पीस इकडचा तिकडे झाला की संपलं. आईची मोठी परात, चार ताटं आणि मिसळणाचा डबा असं सगळं दीड महिना अडकून होतं, डब्यात पिना (पीस एकमेकांना जोडायच्या छोट्या खुंट्या) रंगाप्रमाणे, मोहरीच्या वाटीत काळ्या, हळदीच्या वाटीत निळ्या. आई रोज विचारायची फोडणीला पिना घालू का.

तर प्रॉब्लेम असा. गाडी हातात उचलून धरली आणि मोबाइलवरून अ‍ॅक्सिलरेट केलं की चाकं मस्त फिरतात, आवाजही छान. लादीवर ठेवली की एक इंच पण पुढे जात नाही, मोटर नुसती घूं घूं करते आणि आतून कट कट कट असा आवाज, जसं काही दाते सटकतायत. मॅन्युअल दोनदा तपासलं. किचनच्या काट्यावर बॅटऱ्यांसकट पावणेतीन किलो भरली, वजन जास्त होतंय का? आता पूर्ण खोलायची ताकद नाही हो. शनिवारी मेव्हणा येतोय आणि त्याला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगून बसलोय.

कोपरीचा_मिस्त्री
बॅटऱ्या कुठल्या टाकल्यात ते आधी सांगा. सहा सेलचा बॉक्स असेल आणि रिचार्जेबल टाकले असतील तर एकेक १.२ व्होल्टचा, म्हणजे ७.२ झाले, साधे अल्कलाइन टाकले तर ९. तिथेच जोर जातो. मी स्वतः या भानगडीत एक अख्खा रविवार घालवलाय.

खारघर_खटपट्या
थोडं खोबरेल सोडा गिअरवर, शिलाई मशीनला टाकतो तसं 😄

तुर्भे_टूलरूम
खोबरेल अजिबात नको, हसण्यावारी नेऊ नका कारण लोक खरंच टाकतात. मी मोल्डिंगमध्येच काम करतो, तेलाला धूळ आणि केस चिकटतात, आठ दिवसांनी गिअरमध्ये काजळ तयार होतं आणि थंडीत ते खोबरेल थिजेल ते वेगळंच. काही तेलांनी प्लास्टिकला बारीक तडे पण जातात. अगदीच वाटलं तर सिलिकॉन, तेही थेंबभर. पण दाते सटकण्याचा आवाज येतोय म्हणजे प्रश्न घर्षणाचा नाही, कुठेतरी दोन गोष्टी एकमेकींशी भांडतायत. आधी मोटर बाहेर काढा आणि जिथे मोटर जोडतो तो अ‍ॅक्सल, म्हणजे गिअर फिरवणारा दांडा, दोन बोटांनी फिरवून बघा. मऊ फिरला पाहिजे. अडकत अडकत फिरला तर कुठला तरी बुश, म्हणजे अ‍ॅक्सलवर अडकवायची छोटी कडी, गिअरला घट्ट दाबून बसवलाय, किंवा जिथे करडी सैल पिन हवी तिथे काळी घट्ट पिन गेलीय. काळी आणि निळी या घट्ट, करडी आणि फिकट पिवळट या सैल, रात्री पिवळ्या बल्बखाली हमखास घोळ होतो.

घोडबंदर_गिअर
दोन मोटर आहेत ना चाकांना? त्या समोरासमोर तोंड करून बसवल्या असतील तर एक उलटी फिरवावी लागते, नाहीतर एक पुढे ओढते एक मागे. अ‍ॅपमध्ये पोर्टची दिशा बदलायचं बटण असतं ते बघा.

सीवूड्सचा_बाबा
सगळ्यांचे आभार. बॅटऱ्या रिचार्जेबलच होत्या, आता नवीन अल्कलाइन टाकल्या, कटकट जास्त जोरात यायला लागली एवढाच फरक 😭 मोटर काढून बोटाने फिरवलं, एकदम मऊ आहे, लोण्यासारखं. दोन्ही मोटर एकाच दिशेला तोंड करून आहेत, आणि त्या भांडत असत्या तर हवेतही चाकं फिरली नसती ना?

नौपाड्याची_ठोकळेवाली
बरोबर बोललात, हवेतही फिरली नसती. मला एक सांगा, हवेत धरता तेव्हा तुम्ही कुठली चाकं बघता? मागची बघत असणार, कारण गाडी पुढून धरतो आपण आणि पुढची चाकं आपल्याच मनगटाखाली असतात. आता गाडी उलटी करून मांडीवर घ्या, चारही चाकं वर, आणि अगदी हळू चालवा. पुढची आणि मागची एकाच दिशेने फिरतायत का ते बघून सांगा. बाकी काही खोलू नका तोपर्यंत.

सीवूड्सचा_बाबा
ताई!!! पुढची उलटी फिरतायत! मागची पुढे जातायत आणि पुढची रिव्हर्समध्ये! दीड महिना बनवली आणि हे दिसलं नाही मला, हसावं की रडावं. पण असं होतं कसं? मॅन्युअलमध्ये चित्रात जसं होतं तसंच लावलं होतं.

नौपाड्याची_ठोकळेवाली
वाटलंच होतं. पुढचं डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोर वाटून देणारा गिअर, उलटं बसलंय. ते गोल पिंजऱ्यासारखं असतं ना, त्याच्या एकाच बाजूला दातेरी चकती असते. मधला लांब अ‍ॅक्सल येतो त्याच्या टोकाला छोटा गिअर, तो त्या चकतीला डावीकडून लागला तर चाकं एका दिशेला आणि उजवीकडून लागला तर बरोबर उलट्या दिशेला. दोन्हीकडून तितकंच छान बसतं, काहीच अडत नाही, म्हणून तर कळत नाही. चित्रात ते तिरप्या कोनातून दाखवलेलं असतं आणि काळ्या चौकटीत काळा पीस, कोणाला दिसणार. हवेत दोघांना अडवणारं कोणी नाही म्हणून मजेत फिरतात. लादीवर ठेवलं की पुढची म्हणते मागे चल, मागची म्हणते पुढे चल, आणि मध्ये सगळ्यात छोटा गिअर असतो तो बिचारा सटकतो, तीच तुमची कटकट.

मला हे माहितेय कारण माझ्या पहिल्या गाडीत मी मागचं उलटं लावलं होतं. ती गाडी फक्त मागच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे पळायची झकास पण अ‍ॅपमध्ये पुढे दाबलं की मागे. मी सहा महिने रिमोट उलटा आहे असं म्हणत चालवली.

खात्री करायची असेल तर पुढे जाणारा मधला अ‍ॅक्सल खालून सरकवून काढता येतो का बघा, तेवढा काढून फक्त मागच्या चाकांवर चालवा. पळाली तर दुसरं काही शोधायचं नाही.

सीवूड्सचा_बाबा
काढला. पळाली!!! हॉलमधून थेट किचनच्या उंबऱ्याला जाऊन धडकली, बंपरचे दोन पीस फ्रिजखाली गेले, पट्टीने काढले. आता मनात आलंय की अशीच ठेवू, टू व्हील ड्राइव्ह, कोणाला कळतंय.

तुर्भे_टूलरूम
तुम्हाला कळतंय ना. झालं मग 😄

घोडबंदर_गिअर
मोटरचा अंदाज चुकला माझा, ताईंना सलाम. पण दादा अशी ठेवू नका. पुढची बाजू बहुतेक आठ-दहा पिनांवर एक अख्खा तुकडा म्हणून सुटते, बॉनेट काढा, मग सस्पेन्शनसकट पुढचा भाग ओढा, अख्खी गाडी खोलायला लागत नाही. मोबाइलवर फोटो काढत काढत सोडा, प्रत्येक पिनेला एक फोटो. आणि डिफरन्शियल फिरवून बसवलं की वरचं काहीही लावायच्या आधी मधला अ‍ॅक्सल बोटाने फिरवून चारही चाकं बघा.

सीवूड्सचा_बाबा
झालं! अडीच तास गेले, त्यातला पाऊण तास एक निळी पिन उपसण्यात. नखाची वाट लागली. चकती खरंच चुकीच्या बाजूला होती, फोटो मोठा करून मॅन्युअलशी ताडून बघितला तेव्हा पटलं. आता चारही चाकं खेचतात. पण एकच, फार हळू आहे हो. एवढी स्पोर्ट्स कार आणि चाल आमच्या पाम बीचवर मॉर्निंग वॉकला येणाऱ्या आजोबांपेक्षा कमी. आजोबा ओव्हरटेक करतील.

कोपरीचा_मिस्त्री
आजोबाच जिंकणार, हिशोब करून दाखवतो. तुमच्या कंपनीचे आकडे माझ्याकडे नाहीत, लेगोच्या जुन्या एल मोटरचे धरतो. ९ व्होल्टवर, काही ओझं नसताना, मिनिटाला साधारण ३९० फेरे. पुढे १२ दात्यांचा गिअर २८ दात्यांच्या डिफरन्शियलला, म्हणजे चाकाला १६७ फेरे. चाक आठ सेंटीमीटरचं, एका फेऱ्यात २५ सेंटीमीटर. मिनिटाला बेचाळीसेक मीटर, तासाला अडीच किलोमीटर, आणि हे गाडीचं वजन शून्य धरून. एक्सएल मोटर लावली तर जोर दुपटीच्या वर मिळतो पण फेरे २२० च पडतात. जोर हवा तर वेग सोडा, वेग हवा तर जोर सोडा, गिअर काय पदरचं देत नाही.

पण एक गंमत बघा. तुमची गाडी १:८ ची, म्हणजे अडीचला आठने गुणलं की २०. २०१८ साली लेगोने बुगाटी शिरॉन खऱ्या साइझची बनवली होती, दहा लाखांच्या वर पीस, दीड टन वजन, आत २३०४ छोट्या मोटर, माणूस बसून चालवली. ती पण ताशी २० च्या थोडीशीच वर गेली. सगळ्या मोटर मिळून ५.३ हॉर्सपॉवर, आपल्या अ‍ॅक्टिव्हापेक्षा कमी. त्यामुळे तुम्ही खाली मान घालू नका.

नौपाड्याची_ठोकळेवाली
मिस्त्री, बरोबर हिशोब. बाबा, थोडा जोर वाचवता येईल तुम्हाला. आत खोटं इंजिन आहे ना, पिस्टन वरखाली होणारं? किती सिलिंडर?

सीवूड्सचा_बाबा
१२. आणि ७ स्पीड गिअरबॉक्स, तोही फिरत असतो.

नौपाड्याची_ठोकळेवाली
मग मोटरचा अर्धा जीव तिथेच जातोय. हे गिअरबॉक्स मूळ हाताने ढकलायच्या गाडीसाठी असतात, चाकं फिरली की पिस्टन हलताना दिसावेत म्हणून. त्यातून जाताना प्रत्येक गिअर आपली थोडी थोडी दलाली कापून घेतो. इंजिनकडे जाणारा एक गिअर फक्त अ‍ॅक्सलवर एक घर सरकवून ठेवा, काढायचा नाही, मेव्हण्याला पिस्टन दाखवायचे तेव्हा परत सरकवा.

खारघर_खटपट्या
एवढ्या पैशात खरी सेकंडहँड सायकल आली असती, असं आमच्या घरी म्हणतात. बाय द वे लेगोच का नाही घेतलं?

घोडबंदर_गिअर
किंमत बघितली का लेगोची इथली? बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवर ड्यूटी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ ला ७०. माझे बाहेरून मागवलेले सुटे पीस तर पिसांपेक्षा टपालातच महाग पडले.

सीवूड्सचा_बाबा
अपडेट. गिअर सरकवला, फरक पडला, आता आजोबांच्या बरोबरीने तरी जाईल. मेव्हणा आला होता. त्याने गाडी बघितली, दरवाजे वर उघडून बघितले, खाली ठेवून चालवली, दोन मिनिटं गप्प होता, मग म्हणाला "दाजी, रिव्हर्सला जरा आवाज येतोय." पुढच्या चाकाच्या इथून बारीक टिक टिक, वळवताना जास्त. मी आधी ऐकलाच नव्हता, आता दुसरं काही ऐकूच येत नाही. शिवाय परात परत देताना तिच्या काठाखाली एक काळा छोटा बुश सापडला. एक्स्ट्राचे दिलेले असतात ते मी वेगळ्या पिशवीत ठेवलेत आणि मोजलेत, हा त्यातला नाही. ताई, आहात का?

नौपाड्याची_ठोकळेवाली
आहे. उलटी करा, मांडीवर घ्या.