सरळसोट केसांवर जुन्या काळच्या लाटा: घरी जमतात का?

रातराणी
येत्या शनिवारी आम्हा मैत्रिणींना कृष्णधवल सिनेमातल्या नायिका व्हायचंय. बाजूला भांग आणि कपाळावरून कानापर्यंत उतरणाऱ्या चकचकीत लाटा, असं काहीतरी. माझे केस खांद्याच्या जरा खाली, सरळसोट आणि हट्टी. काल कर्लिंग आयर्न घेऊन बसले. केस कुरळे झाले, पण लाट एकही नाही, आणि विंचरल्यावर तर पिंजलेला कापूस! कुणी केलंय का हे घरी?

मोरपीस
जमतं गं. तू बटा उलटसुलट गुंडाळल्या असशील. रोजच्या कुरळ्या केसांना ते शोभतं, पण लाटेसाठी भांगाच्या एका बाजूच्या सगळ्या बटा एकाच दिशेने वळायला हव्यात. तरच विंचरल्यावर त्या एकमेकींत मिसळतात.

दुसरं म्हणजे घाई. आयर्नवरून बट सोडली की तिला लोंबू देऊ नकोस. गरम असतानाच तिचं वेटोळं करून डोक्याशी चपटं धर आणि पिन लाव. पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही, अर्धा तास तरी जाऊ दे. आकार गार होताना बसतो.

आणि कापूस झाला म्हणून थांबलीस ना? तिथेच तर खरं काम सुरू होतं! तळहातावर सीरमचे दोन थेंब चोळून ब्रशने विंचरत राहायचं. पाचेक मिनिटं आरशात बघवत नाही, मग अचानक केस एका लयीत पडायला लागतात. खोलगट भागांत लांब चपटे क्लिप लाव, स्प्रे मार, दहा मिनिटांनी काढ. क्लिपखाली टिश्यू पेपरची घडी ठेव, नाहीतर वळ उठतात.

चष्मिष्ट
आयर्न नको असेल तर ओलसर केसांवर पिनकर्ल. जेल लावून इंचभर बट घ्यायची, टोकापासून मुळाकडे गुंडाळायची, दोन पिना फुलीसारख्या लावायच्या आणि रुमाल बांधून झोपायचं. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना नव्या आकारात जुळतात. म्हणून आतून जरा जरी ओल राहिली तरी संपलं. मी एकदा सकाळी एकच वेटोळं चाचपून 'वाळलंय' म्हणाले आणि सगळी सोडली. घराबाहेर पडेपर्यंत केस पुन्हा जैसे थे. आता सगळ्यात जाड वेटोळं आधी सोडून बघते.

गुंता
आधी दशक ठरवा बाई. 1920च्या दशकातल्या फिंगर वेव्ह्ज आखूड बॉबवर, डोक्याला चिकटलेल्या. त्या ओल्या केसांत कंगवा आणि बोटांनीच घडवतात, कंगवा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, मध्ये उभी राहणारी कड दोन बोटांत चिमटायची. खांद्याखालच्या केसांना 1940च्या दशकातल्या सैलसर लाटा सोप्या. आणि तापवलेल्या चिमट्याने लाटा काढणं त्याहूनही जुनं, पॅरिसच्या मार्सेल ग्रातो या केशभूषाकाराने 1870च्या दशकात गाजवलेलं. तेव्हा चिमटा किती तापलाय हे कागदावर टेकवून बघत. कागद करपला तर थांबायचं. आपल्याकडे निदान बटण आहे (दिवे घ्या).

मोरपीस
हो, आणि आदल्या दिवशी धुतलेले केस घे. ताज्या धुतलेल्या मऊ केसांवरून पिनाही घसरतात. काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे, मी कित्येक वर्षं उलटी लावत होते.

रातराणी
सगळ्यांना धन्यवाद! आज रंगीत तालीम केली. डावी बाजू अशी जमली की मी तासभर त्याच बाजूने घरात फिरले. उजवीकडे मात्र आरशात बघून गुंडाळताना दिशा उलटली आणि तिसऱ्या बटेपासून सगळं फसलं.

चष्मिष्ट
उजवीकडे आरसा नकोच. डोळे मिटून, हाताने चाचपत गुंडाळ.

रातराणी
करून बघते. तोवर भांग उजवीकडे पाडते, म्हणजे मिरवायला डावी बाजू!